1887 साली मोने काय करत होता?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार, बाहेर झड लागलेली, आणि मी गवार मोडत बसले होते. भाचीचा फोन आला. ती चित्रकला शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे, आणि दोन दिवसांवर तिचा कलेतिहासाचा पेपर होता. "मावशी, पटकन सांग, दृक्प्रत्ययवाद, म्हणजे इम्प्रेशनिझम, कधीपासून कधीपर्यंत?" मीही पटकन सांगून टाकलं, "1874 ते 1886. आठ प्रदर्शनं झाली. पहिलं पॅरिसला, नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत." तिनं लिहून घेतलं. पान उलटल्याचा आवाज आला, थोडी शांतता, आणि मग तिनं विचारलं, "मग 1887 साली मोने काय करत होता?"

मोने म्हणजे याच वादाचा प्रमुख फ्रेंच चित्रकार. तिनं ते मला अडवायला विचारलं नव्हतं. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. "तो तर 1926पर्यंत जगला ना? मग उरलेली चाळीस वर्षं तो कुठल्या वादात धरायचा?" मी म्हटलं, रात्री सांगते. रात्री फोन केला तेव्हा ती घनवादापर्यंत पोचली होती, दुपारचा प्रश्न तिच्या डोक्यातून गेला होता. पेपरही चांगला गेला म्हणे. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. भाजी चिरताना, बसमध्ये, झोप लागता लागता तो पुन्हा पुन्हा येत राहिला. कारण मी दिलेलं उत्तर बरोबर होतं, आणि तरीही मी तिला काहीतरी चुकीचं सांगितलं होतं.

फ्रेंच चित्रकला मीही अशीच शिकले होते, वहीतून. कामानिमित्त दोन वर्षं पॅरिसला होते. ऑर्से संग्रहालय गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. ऑफिस सुटलं की मी थेट तिकडे जायची. हिवाळ्यात दारातच ओल्या लोकरी कोटांचा वास यायचा. ती मूळची रेल्वे स्टेशनची इमारत. उंच कमानदार छपराखाली माणसांचे आवाज एकमेकांत मिसळून एक घुमणारी कुजबुज तयार व्हायची आणि भिंतीवरचं ते प्रचंड सोनेरी घड्याळ अजूनही कुठलीतरी गाडी सुटायची आहे असं वाटायला लावायचं. माझ्याजवळ दोनशे पानी वही असायची. एका पानावर एक वाद: नव-अभिजाततावाद, स्वच्छंदतावाद, वास्तववाद, दृक्प्रत्ययवाद, उत्तर-दृक्प्रत्ययवाद, रंगभारवाद, घनवाद. डावीकडे साल, मधे चित्रकार, उजवीकडे लक्षणं. लहानपणी पेशवे पाठ केले होते तसे हे पाठ केले. बाळाजी विश्वनाथानंतर बाजीराव, बाजीरावानंतर नानासाहेब. एक गादीवरून उतरला की दुसरा बसतो.

वही लूव्र संग्रहालयात तशी बरी चालली. तिथल्या लाल भिंतींच्या दालनांत दाव्हीदचं 'होरेशियसांची शपथ' आहे, 1784 सालचं. तीन भावांचे तीन हात एका रेषेत पुढे आलेले, मागे तीन कमानी, आणि उजव्या कोपऱ्यात कोसळलेल्या बायका. त्या चित्रासमोर मला नेहमी श्वास रोखल्यासारखं व्हायचं. तिथून थोडं चालून पुढच्या दालनात गेलं की जेरिकोचा 'मेड्युसाचा तराफा': जवळजवळ पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद, हिरवट काळोखातून वर चढत गेलेला देहांचा डोंगर, आणि टोकाला एक माणूस दूरच्या, दिसेल न दिसेल अशा जहाजाला कापड हलवून दाखवतोय. या दोन चित्रांत पस्तीस वर्षांचं अंतर आहे. वहीत मी दोघांच्या मधे जाड रेघ मारली होती. पण तराफ्यावरचे ते देह नीट पाहिले, तर त्यांचे स्नायू, त्यांचे वळलेले खांदे दाव्हीदच्याच शाळेतले आहेत. भुकेनं मरायला टेकलेली माणसं इतकी धडधाकट कशी, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. नंतर वाटलं, जेरिकोचा हात जे शिकला होता ते त्याच्या दुःखानंही पुसून टाकलं नाही.

खरी पंचाईत 1855 सालाशी झाली. त्या वर्षी पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. अँग्र तेव्हा पंचाहत्तरीला आलेला, रेषेचा शेवटचा मोठा कैवारी. त्याच्या चित्रांचं मोठं स्वतंत्र दालन. दलाक्रवा हा त्याचा आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी, रंगाचा माणूस. त्याचीही चित्रं त्याच प्रदर्शनात मोठ्या संख्येनं मांडलेली. आणि कूर्बे या तिसऱ्या चित्रकाराची काही चित्रं परीक्षकांनी घेतली, पण 'चित्रकाराची कार्यशाळा' हे जवळजवळ सहा मीटर रुंदीचं अवाढव्य चित्र नाकारलं, म्हणून त्यानं स्वतःच्या खर्चानं शेजारीच एक मंडप उभारला आणि त्यावर पाटी लावली: वास्तववाद. म्हणजे माझ्या वहीतली तीन पानं त्या उन्हाळ्यात हाकेच्या अंतरावर नांदत होती. त्याच वर्षी एकवीस वर्षांचा होतकरू चित्रकार देगा म्हाताऱ्या अँग्रला भेटला आणि पुष्कळ रेषा काढत राहा, हा त्याचा सल्ला त्यानं जन्मभर सांभाळला. त्याच वर्षी कॅरिबियन बेटावरून पंचवीस वर्षांचा पिसारो पॅरिसला पोचला.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दलाक्रवा कूर्बेच्या मंडपात गेला. हे त्याच्या रोजनिशीत आहे. तो लिहितो की तिकीट आता उतरून दहा सूवर, म्हणजे सुट्या नाण्यांवर आलं होतं, आतमध्ये तो जवळजवळ तासभर एकटाच होता, आणि त्या नाकारलेल्या चित्रात त्याला एक श्रेष्ठ कृती सापडली. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. सत्तावन्न वर्षांचा, मानमरातब मिळालेला, प्रकृतीनं नाजूक दलाक्रवा त्या रिकाम्या मंडपात एका दांडग्या, उद्धट तरुणाच्या चित्रासमोर उभा आहे. त्याला कूर्बेचं सगळंच पटत होतं असं नाही; दोन वर्षांपूर्वी त्याच्या दुसऱ्या एका चित्रावर त्यानं रोजनिशीतच कडक लिहिलं होतं. तरी तो गेला आणि थांबला. माझ्या वहीत या तासाला जागाच नव्हती.

दुसऱ्या गुरुवारी मी तळमजल्यावर त्याच चित्रासमोर बसून राहिले. पेन काढलंच नाही.

आता सावलीबद्दल सांगायला हवं, कारण माझ्यापुरती ही सगळी गोष्ट तिथून सुरू होते. आठवीत असताना मी इंटरमीजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेला बसले होते. शनिवारी शाळा सुटल्यावर सर आमचा जादा वर्ग घ्यायचे. एकदा वस्तुचित्रासाठी स्टुलावर पिवळं कापड टाकून त्यावर पितळी तांब्या, दोन कांदे आणि एक पेला मांडला होता. खिडकीतून दुपारचं कडक ऊन येत होतं, आणि तांब्याची त्या पिवळ्या कापडावर पडलेली सावली मला जांभळी दिसली. खरंच जांभळी. मी निळ्यात थोडा लाल घालून ती तशी रंगवली. सर मागून आले, थांबले आणि म्हणाले, "सावली काळी असते. काळ्यात जरा तपकिरी मिसळ." मग माझ्याच हातातला ब्रश घेऊन त्यांनी ती सावली झाकून टाकली. मी काही बोलले नाही. घरी येताना रस्त्यावरच्या प्रत्येक सावलीकडे बघत आले आणि एकही मला काळी दिसली नाही. पण परीक्षेत सगळ्या सावल्या काळ्या-तपकिरी रंगवल्या.

ऑर्सेत मोनेचं एका पक्ष्याचं चित्र आहे. पक्षी म्हणजे काळापांढरा मॅगपाय. 1868-69च्या हिवाळ्यातलं. सगळीकडे बर्फ, एक कुंपण, कुंपणाला जुनाट फाटक, फाटकावर तो एकच काळा ठिपका, आणि कुंपणाच्या सावल्या बर्फावर लांब पसरलेल्या. निळ्या. कुठे जांभळटपणाकडे झुकलेल्या. 1869च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, हे चित्र परीक्षकांनी नाकारलं. मी त्याच्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझे डोळे भरून आले. शेजारी एक जपानी म्हातारं जोडपं होतं. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि त्या पुन्हा चित्राकडे वळल्या. मला चित्र सुंदर वाटलं म्हणून रडू आलं नव्हतं. आठवीतल्या त्या दुपारी मला जे दिसलं होतं ते आणखी कुणाला तरी दिसलं होतं, आणि तो गप्प बसला नव्हता, म्हणून.

सरांवर मी बरीच वर्षं मनातल्या मनात रागावलेली होते. तो राग अँग्रनं घालवला. लूव्रमधली त्याची 'ग्रांद ओदालिस्क' 1814 सालची. पाठमोरी पहुडलेली स्त्री, आणि ती पाठ अशक्य लांब. त्या काळच्या टीकाकारांनी तिच्यात मणके जास्त असल्याचं म्हटलं होतं. पण खांद्यापासून कमरेपर्यंत ती रेषा एका दमात उतरते, कुठे अडत नाही, कुठे चाचपडत नाही. तिच्यासमोर उभं राहिल्यावर सरांचा आवाज ऐकू आला: "रेषा ओढताना मधे थांबायचं नाही. हात उचलायचा नाही. चुकली तर चुकू दे, पण तुटू देऊ नकोस." आमच्याकडून ते तांब्याचा गळा शंभर-शंभर वेळा काढून घ्यायचे. सर ज्या पद्धतीनं शिकले ती युरोपातल्या अकादमींतून सर जे. जे. स्कूलमार्गे आपल्या तालुक्यांच्या शाळांपर्यंत पाझरत आली होती. सावली त्यांनी मला चुकीची शिकवली, रेषा मात्र अशी शिकवली की तिच्या जोरावर मी अँग्रसमोर उभी राहू शकले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं एकाच वर्गात दिल्या. सर आता नाहीत. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

ऑर्सेच्या वरच्या मजल्यावर, पारदर्शक घड्याळाजवळून पुढे गेलं की मोनेचं एक चित्र लागतं. त्याच्यासमोर लोक फार थांबत नाहीत. 1879 साली त्याची पत्नी कामीय बत्तिसाव्या वर्षी गेली. त्यानं तिला मृत्युशय्येवर रंगवलं. राखाडी, निळे, जांभळट फटकारे वरून खाली येतात, बर्फ पडावा तसे, आणि त्यांच्यात एक चेहरा हळूहळू बुडतो आहे. पुष्कळ वर्षांनी मोनेनं आपल्या मित्राला, क्लेमांसोला सांगितलं की त्या पहाटे आपण नकळत तिच्या चेहऱ्यावर मृत्यूनं आणलेले रंग टिपत होतो, निळा, पिवळा, करडा, आणि हे ध्यानात आल्यावर आपल्याला धक्का बसला. माझी आई गेली ती सकाळ मला आठवते. रुग्णालयाच्या हिरव्या पडद्यातून उजेड येत होता आणि तिच्या हनुवटीखाली हिरवट छटा उतरली होती. गालावर मात्र अजून ऊब दिसत होती. मी ते पाहिलं. रडायच्या आधी पाहिलं. याची मला इतकी शरम वाटली होती की मी ते कुणालाच, बहिणीलाही सांगितलं नाही. त्या चित्रासमोर ती शरम गेली असं मी म्हणणार नाही. पण ती एकट्या माझी राहिली नाही.

वहीतलं दृक्प्रत्ययवादाचं पान मी नंतर पुन्हा उघडलं. लक्षणांच्या रकान्यात लिहिलं होतं: 'क्षणिक प्रकाशाचे चित्रण, तुटक फटकारे, काळ्या रंगाचा त्याग.' कामीय त्यात कुठे बसत होती?

आणि पिसारो कुठे बसवायचा? आठही प्रदर्शनांत भाग घेतलेला तो एकटाच, म्हणून तो या वादाचा खांब. त्याचं 'लाल छपरं' नावाचं 1877चं चित्र ऑर्सेत आहे. उघड्याबोडक्या झाडांच्या फांद्यांमधून मागची घरं डोकावतात. छपरांचा लाल खालच्या मातीत उतरलाय, मातीचा तपकिरी फांद्यांत चढलाय, आणि कुठलीच गोष्ट दुसरीपासून सुटी काढता येत नाही. सत्तरच्या दशकात सेझान त्याच्या शेजारी राहून, त्याच्यासोबत उघड्यावर उभा राहून रंगवायला शिकला. त्याआधीची सेझानची चित्रं काळी, जड, रागावलेली होती. गोगँही पिसारोच्या हाताखालून गेला. आणि 1886 साली, शेवटच्या प्रदर्शनात, पंचावन्न वर्षांचा पिसारो सव्वीस वर्षांच्या झॉर्झ सराच्या बाजूला जाऊन उभा राहिला. सरा शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी शेजारी मांडायचा, म्हणजे ते बघणाऱ्याच्या डोळ्यात मिसळतील. पिसारोनं पांढरी दाढी झाल्यावर हे नवं शिकायला घेतलं. घरात मुलं पुष्कळ, पैसे कमी, त्याची चित्रं विकणाऱ्यांना हे ठिपके पसंत नाहीत, आणि एकेका चित्राला महिने लागतात. काही वर्षं त्यानं ते मनापासून केलं. मग निसर्गाचं हलतं-बदलतं रूप ठिपक्यांत सापडेना, तेव्हा ते सोडूनही दिलं. शेवटी डोळे अधू झाले, उघड्यावरचा वारा सोसेना, तर हॉटेलच्या खोल्या भाड्यानं घेऊन खिडकीतून पॅरिसचे रस्ते रंगवले: पाऊस, धुकं, रात्रीचे दिवे, माणसांची मुंग्यांसारखी रांग.

पिसारो वारला त्याच्या आगेमागे सेझान आपल्या गावी, एक्सला, लहानशा प्रदर्शनात चित्रं मांडत होता. तिथल्या यादीत त्यानं आपल्या नावापुढे लिहायला लावलं: पिसारोचा शिष्य. साठी उलटलेला सेझान. ज्याच्याकडे पॅरिसचे तरुण चित्रकार देवदर्शनाला यावं तसे येऊ लागले होते, तो सेझान.

मला वाटतं माझी चूक गादीच्या कल्पनेत होती. ही माणसं राजांसारखी एकामागून एक आली नाहीत, ती वाड्यात राहावीत तशी राहिली. आजोबा ओसरीवर, काका माडीवर, नातू माळ्यावर, आणि सगळ्यांचं पाणी एकाच आडातलं. भांडणंही तशीच, एकमेकांचं तोंड न पाहण्यापर्यंतची. पण रात्री एकाच्या खोलीतला दिवा दुसऱ्याच्या भिंतीवर पडतोच. चित्रकार मातीसनं 1899 साली, हातात पैसे नसताना, व्होलार या चित्रविक्रेत्याच्या दुकानातून सेझानचं 'तीन स्नानमग्ना' घेतलं. चित्र लहानसंच. सहा वर्षांनी त्याच्या आणि त्याचा मित्र दरँच्या भडक रंगांना पाहून एका टीकाकारानं त्यांना 'हिंस्र पशू' म्हटलं आणि रंगभारवाद जन्मला. वहीत इथे नवं पान सुरू होतं. पण घरी भिंतीवर सेझान तसाच होता. पुढे सदतीस वर्षं होता. 1936 साली मातीसनं तो पॅरिस शहराच्या पती पॅले संग्रहालयाला दिला, आणि सोबतच्या पत्रात लिहिलं की या चित्रानं मला कठीण प्रसंगी धीर दिला. पती पॅलेत आजही कायमचा संग्रह बघायला तिकीट लागत नाही. मी तिथे एकदा भर दुपारी गेले. चित्राच्या वर उजेड पडला होता, तीन जाड्या, ओबडधोबड, निळ्या-हिरव्या बायका पाण्याशी उभ्या-बसलेल्या होत्या, आणि मी विचार करत होते की सदतीस वर्षं रोज सकाळी उठून यांच्याकडे बघणं म्हणजे काय असेल.

हा उजेड आपल्याकडेही पोचला. 1948च्या सुमारास काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँनं एका तरुणाची चित्रं पाहिली आणि त्याला सांगितलं, गुण आहेत, पण बांधणी नाही, सेझान अभ्यास. तो तरुण म्हणजे नागपूर आणि जे. जे.मधून शिकलेले चित्रकार रझा. 1950 साली ते फ्रान्सला गेले आणि जवळजवळ साठ वर्षं तिथेच राहिले. त्यांच्या चित्रांतला बिंदू पाहताना मला आता सेझानही दिसतो. कुणाला पटेल न पटेल.

पॅरिस सोडायच्या आठवड्यात मी ओरांजरी संग्रहालयात गेले होते. मोनेची कमळं. दोन लंबगोल दालनं, भिंतीला भिंत लावून पाणीच पाणी. ती 1927च्या मे महिन्यात लोकांना खुली झाली, मोने गेल्यानंतर पाच महिन्यांनी. डोळ्यांत मोतीबिंदू, 1923ला शस्त्रक्रिया, आणि तरी तो रंगवत राहिला होता. तोवर घनवादही वीस वर्षांचा, म्हणजे जुना झाला होता. माझ्या वहीप्रमाणे दृक्प्रत्ययवाद संपून एक्केचाळीस वर्षं झाली होती. मी बाकावर बसले. एका बाजूला संध्याकाळ होती, दुसरीकडे ढग पाण्यात पडले होते, आणि जवळ गेलं की नुसते खरबरीत, एकमेकांवर चढलेले रंग. एक लहान मुलगा आईला विचारत होता की पाण्याचा तळ कुठे आहे. वही पिशवीत होती. ती मी नंतर घरी माळ्यावर ठेवून दिली.

गेल्या आठवड्यात ती खाली काढली, भाचीच्या प्रश्नासाठी. आणि एका पानाच्या मागे, रकान्यांच्या बाहेर, पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ सापडली: 'होडीतल्या मुली, मोने, सु. 1887, वरचा मजला. पुन्हा बघणे.' म्हणजे उत्तर मी स्वतःच लिहून ठेवलं होतं आणि विसरले होते. मोने तेव्हा जिव्हेर्नीला होता, घराजवळच्या छोट्या नदीवर, जी ॲलिस पुढे त्याची पत्नी झाली तिच्या मुलींना होडीत बसवून रंगवत होता. मी चित्राचा फोटो शोधून भाचीला पाठवला आणि खाली लिहिलं, "1887 साली हे करत होता." पेपर कधीच होऊन गेलेला, तिला याचा आता काही उपयोग नव्हता. बराच वेळ उत्तर आलं नाही. झोपायच्या आधी फोन पाहिला तर तिचा मेसेज होता: "मावशी, यात आकाश कुठंय?"

मी दिवा पुन्हा लावला आणि चित्र मोठं करून पाहिलं. खरंच, आकाश कुठेच नाही. मागे गडद हिरवा काठ, खाली काळसर पाणी, एक मुलगी उभी, दोघी बसलेल्या, हातांत गळ, आणि तिघींचे फिकट झगे पाण्यात उलटे उतरलेले. मी कितीतरी गुरुवारी त्या चित्रासमोरून गेले असेन.